दव सुकेपर्यंत

“जोडी नसेल तर रांग नाही. हे तुला मी सांगायला पाहिजे का, ग्लेनिस?”

ताकिस मुकादम असं म्हणाला खरा, पण तिच्याकडे न बघता. ऑस्ट्रेलियातल्या रेन्मार्कच्या हॉस्टेलच्या अंगणात सकाळची व्हॅन उभी होती आणि देशोदेशीची पोरं थंडीने कुडकुडत दोन-दोन करून आत चढत होती. त्यांच्यात पिकल्या केसांची ग्लेनिस एकटीच. ती मिल्डुराहून बसने आली होती. तिथे पंधरवडाभर ती रोज अशीच अंगणात उभी राहिली आणि व्हॅन रोज तिला सोडून गेली. नातवाला भेटायला आलीस का, असंही तिथल्या एकाने विचारून झालं होतं.

या बागांमध्ये एकट्यादुकट्याला काम देत नाहीत. दोघांना मिळून संत्र्यांची एक रांग आणि एक मोठं लाकडी खोकं. एकाने शिडीवर चढून शेंड्याची फळं उतरवायची, दुसऱ्याने खालच्या फांद्यांवरची. खोकं भरलं की ट्रॅक्टर येऊन घेऊन जातो. एकट्याचं खोकं काही लवकर भरत नाही, ट्रॅक्टर खोळंबतो आणि शिव्या मुकादमाला खाव्या लागतात. म्हणून आधी जोडीदार, मग काम. ग्लेनिसला जोडीदार कधी शोधावा लागला नव्हता. तिचा नवरा नेव्हिलच तिचा जोडीदार होता; ताकिसच्या हाताखालीही दोघांनी कित्येक हंगाम काढले होते.

त्या सकाळी व्हॅनच्या दाराशी पेइ-लिंग नावाची तैवानची पोरगी रडवेली होऊन उभी होती. तिची मैत्रीण एका पोराच्या नादाने आदल्या दिवशी मेलबर्नला निघून गेली होती, तेही न सांगता. ताकिसने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा ग्लेनिसकडे, आणि हात उडवला.

“चढा दोघी. भांडा नाहीतर गाणी म्हणा, मला खोकं भरलेलं दिसलं पाहिजे.”

ग्लेनिसने पोरीचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. न जाणो, त्याचा विचार बदलला तर!

ग्लेनिसला पोटाची भ्रांत होती असं कुणी समजू नये. सरकारी पेन्शन येत होतं, ॲडलेडला बहीण होती, आणि बहिणीच्या घरी मागची एक खोली रिकामी होती. बहीण दर फोनला त्या खोलीची आठवण करून द्यायची. खिडकीला नवे पडदे लावलेत म्हणायची. पडद्यांचं नाव निघालं की ग्लेनिस फोन आटोपता घ्यायची. ती आणि नेव्हिल उभा जन्म हंगामाच्या मागे हिंडले होते. उत्तरेला टोमॅटो, तिथून खाली संत्री, मग चेरी, मग टास्मानियात सफरचंदं, आणि पुन्हा उत्तरेला. घर असं नव्हतंच, एक जुनाट गाडी होती, तिच्यातच झोपायचं. मूलबाळ झालं नाही. नेव्हिल टोमॅटोच्या हंगामात गेला. गाडी तिला एकटीला झेपेना, ती विकली आणि पोरं घेतात तसली पाठीवरची पिशवी घेतली. तेव्हापासून ती त्यांच्याबरोबर त्यांच्याच दुमजली खाटांवर झोपत होती. झाडाखाली उभं राहून काम करता येतंय तोवर आपण कुणीतरी आहोत, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्या खोलीत गेल्यावर आपण कोण, ते ठाऊक नव्हतं.

पेइ-लिंग हाताला चलाख निघाली. शिडीवर खारीसारखी चढायची. वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारणं तिच्या जिभेवर येईना, म्हणून पहिल्याच दिवसापासून तिने ग्लेनिसला मावशी करून टाकलं. ग्लेनिसला आधी हसू आलं, मग ते आवडायला लागलं. पोरीला या देशात आणखी एक वर्ष राहायचं होतं आणि त्यासाठी व्हिसाच्या नियमाप्रमाणे ठरावीक दिवस शेतावरचं काम पदरी पडायला हवं होतं. मध्येच काम गेलं असतं तर तिला परत जावं लागलं असतं. घरी तिच्यासाठी एका दातांच्या डॉक्टरचं स्थळ बघून ठेवलं होतं. तो माणूस चांगला आहे, ती म्हणायची, पण जेवताना माझ्या दातांकडेच बघतो. दोघी झाडाखाली बसून पोट धरून हसायच्या. ग्लेनिस इतकी किती वर्षांत हसली नव्हती.

पण खांदा साथ देईना. दुपारनंतर बोटं बधिर व्हायची, देठ कापायची कात्री हातातून सुटायची. पेइ-लिंग शिडीवरचं उरकून खाली यायची आणि काही न बोलता खालच्या फांद्यांनाही हात घालायची. तो न बोलणारा हात ग्लेनिसच्या फार जिव्हारी लागायचा. त्यांचं खोकं आता रोज सगळ्यांच्या शेवटी भरत होतं.

त्यातच एका संध्याकाळी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ज्युलियन नावाचा फ्रेंच पोरगा अंडी फोडता फोडता म्हणाला, “आजी, माझा जोडीदार चाललाय, शनिवारपासून तुझी जोडीदारीण मला दे. मी विचारलंय तिला. शनिवारी सांगते म्हणालीय.”

तो थट्टेतच बोलला. ग्लेनिसही थट्टेतच म्हणाली की, आधी अंडी नीट फोडायला शीक. मग आपली ताटली तशीच घेऊन ती खोलीत गेली आणि न जेवता बसून राहिली. पेइ-लिंगला सरळ विचारावं असं तिला वाटलं. पण विचारल्यावर पोरगी हो म्हणाली तर काय करायचं? तिने विचारलं नाही.

थंडीत मरे नदीवरून असं धुकं चढतं की संत्र्याचं झाड न् झाड ओलंचिंब होतं. अशा ओल्या फळाला हात लावायचा नाही, हा बागेतला पहिला धडा. फळ पाण्याने तट्ट फुगलेलं असतं. बोटाचा जरा दाब पडला की सालीतलं तेल फुटतं आणि ते तेलच साल जाळतं. त्या वेळी काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी बोट लागलं होतं तिथे काळपट डाग उमटतो, आणि ते फळ रसाच्या कारखान्याशिवाय कुठे खपत नाही. म्हणून सकाळी सगळ्यांनी शेडमध्ये बसायचं. दव सुकलं की ताकिस गाडीचा भोंगा वाजवणार, मगच रांगेत जायचं. किती नवख्या पोरांच्या हातावर ग्लेनिसने चापट मारून हे शिकवलं होतं, त्याला गणती नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. सगळे शेडमध्ये चहाचे पेले धरून बसले होते. जरा जाऊन येते, असं सांगून ग्लेनिस उठली. आपल्या रांगेत गेली, झोळी गळ्यात अडकवली, आणि ओल्या फांदीत हात घातला.

पहिलं संत्रं तोडताना तिने शेडकडे वळून बघितलं. दहाव्याला बघितलं नाही.

भोंगा वाजेपर्यंत खोक्याचा तळ झाकला गेला होता. पेइ-लिंगने बघून विचारलं, तर कालची राहिली होती, असं तिने सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांचं खोकं पहिल्या चारात भरलं. पोरगी हरखून गेली आणि दोन्ही हात वर करून रांगेतच नाचली. दुसऱ्या सकाळी ग्लेनिस पुन्हा जरा जाऊन आली. तिसऱ्या सकाळीही. शनिवार आला आणि गेला, जोडी होती तशीच राहिली. त्या रात्री पेइ-लिंगने तांदळाची पेज आणि वर तळलेला लसूण घालून तिला आग्रहाने वाढलं. आपण जिंकलो, असं ग्लेनिसला वाटलं, आणि पेजेची वाटी तिने अर्धीच खाली ठेवली.

सोमवारी ताकिस शेडमध्ये आला तो एक टोपली घेऊनच. त्याने ती टेबलावर उपडी केली. प्रत्येक संत्र्यावर डाग होते. एका बाजूला अंगठ्याचा, दुसऱ्या बाजूला चार बोटांचे. कुणी हात धरावा आणि वळ उठावेत, तसे. सगळा माल पॅकिंगवाल्यांनी परत पाठवला होता, आणि खोक्यावर क्रमांक या दोघींचा होता.

तो सरळ पेइ-लिंगकडे वळला. “किती वेळा सांगितलं होतं? तुम्हाला घाई, निस्तरायचं मी. पिशवी उचल आणि चालती हो.”

पोरीला काही कळेना. तिने ग्लेनिसकडे बघितलं. ही माझी बाजू घेईल, इतका विश्वास होता त्या बघण्यात. आणि ग्लेनिस गप्प राहिली. फार वेळ नाही, एखादा श्वास घेऊन सोडावा इतकाच. पण गप्प राहिली हे खरं, आणि पोरीने ते पाहिलं हेही खरं.

“तिला काही माहीत नाही,” मग ग्लेनिस म्हणाली. “मी तोडली. तुम्ही चहा पीत होता तेव्हा.”

ताकिसला आधी ते पटेना. “तू? काहीतरीच काय बोलतेस. पोरीला वाचवायला सांगतेयस तू.”

ग्लेनिस पुढे झाली. टेबलावरचं एक संत्रं उचलून तिने त्याच्या डागांवर आपली बोटं ठेवली. ती नेमकी बसली. ताकिसने टोपी काढली, पुन्हा घातली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, “नेव्हिल असता तर मी त्याला काय सांगितलं असतं गं?” आणि बाहेर निघून गेला.

पोरीचं काम राहिलं, तिला ज्युलियनबरोबर लावून दिलं. ग्लेनिसने दुपारी पिशवी भरली. पेइ-लिंग खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

“मावशी, का केलंस?”

“शनिवारी तू त्याच्याकडे जाणार होतीस ना.”

“कुठे?” पोरगी म्हणाली. “तोंडावर नाही कसं म्हणायचं? म्हणून शनिवारी सांगते म्हटलं. आमच्याकडे असंच म्हणतात. त्याला नाही म्हणूनच सांगणार होते मी.”

ग्लेनिसने पिशवीची दोरी ओढली. गाठ बसेना, पुन्हा ओढली. थोड्या वेळाने पेइ-लिंग आपल्या खोलीकडे गेली. बस स्टॉपवर ती आली नाही.

ग्लेनिस ॲडलेडला गेली नाही. दोन बस बदलून ग्रिफिथला गेली, कारण तिथेही संत्री होती. हॉस्टेलच्या टेबलामागच्या मुलीने फोनवरून डोळे न उचलताच विचारलं, “सफाईसाठी ना? किती वाट बघायला लावायची. बादली मागे आहे.”

ग्लेनिस बागेतलं काम विचारायला आली होती. तसं सांगायला तिने तोंडही उघडलं होतं.

“मागे म्हणजे कुठे?” ती म्हणाली.

आठवड्याभराने एका सकाळी ती अंगणाच्या पायऱ्या झाडत होती. व्हॅन भरली होती. एक लांबुडका डॅनिश पोरगा तेवढा खाली राहिला होता. त्याच्या जोडीदाराचा पाय मुरगळला होता आणि मुकादम त्याला नाही म्हणत होता. बोलता बोलता मुकादमाची नजर ग्लेनिसवर गेली आणि झाडू धरलेल्या तिच्या हातांवर थबकली.

“बाई, हे हात तोडणीवालीचे आहेत. चल ये, याच्या जोडीला जागा आहे.”

पोरगा आशेने वळला. ग्लेनिसचा एक पाय पायरी सोडून खाली आला. मिल्डुराच्या अंगणात पंधरवडाभर ती याच हाकेसाठी उभी होती. तिने पाय परत वर घेतला.

“मला येत नाही ते काम,” ती म्हणाली.

मुकादमाने खांदे उडवले आणि व्हॅन निघून गेली. पोरगा पायरीवर येऊन बसला. नाकाचा शेंडा थंडीने लाल झालेला, पोटाशी रिकामी झोळी.

“खरंच येत नाही तुला?” त्याने विचारलं.

“नाही,” ग्लेनिस म्हणाली. “पाय उचल जरा.”

त्याने पाय उचलले आणि तिने खालची पायरी झाडून घेतली.