मधला भाग कोरडा

माझं डोकं ठिकाणावर आहे, हे सिद्ध करायला मी स्कीज निवडल्या. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्ती तपासायला मला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं आणि मी काटे काढायचेच विसरलो. ज्यानं आयुष्यभर गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन केले, त्याला चित्रं काढायला लावतात, घ्या. आमच्या ईशानीला तेवढं निमित्त पुरलं.

"बाबा, जस्ट गिव्ह मी द कार कीज," ती म्हणाली.

मी म्हटलं, थांब. रविवारी मी मित्राबरोबर, अरविंदबरोबर, स्कीइंगला जातोय. स्कीजना वॅक्स माझं मी लावणार. सगळं नीट जमलं, तर किल्लीचं परत नाव काढायचं नाही. नाही जमलं, तर खुशाल घेऊन जा.

"फाइन," ती म्हणाली. तिची आई, सुरेखा, तिथेच बसली होती.

आता हे वॅक्स लावणं म्हणजे बुटाला पॉलिश करणं नव्हे. आमच्या स्कीज डोंगरावरून सुसाट खाली येण्याच्या नाहीत, जंगलातून चालत जाण्याच्या आहेत. पुढच्या आणि मागच्या भागाला घसरायचं वॅक्स लावायचं, इस्त्रीनं वितळवून. मधला भाग, जिथे बूट येतो, तो कोरडा ठेवायचा. तिथे नंतर चिकट वॅक्स चोळायचं, कारण त्याच भागावर जोर देऊन माणूस चढ चढतो. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे ऐकवलंय. बिचारे श्रीखंडाच्या वाट्या हातात धरून ऐकायचे. शेवटी सुरेखाच म्हणायची, "मधला भाग कोरडा, कळलं हो त्यांना. आता पानावर बसा."

सुरेखाचा उजवा हात सध्या प्लास्टरमध्ये आहे. फावड्यानं बर्फ शोव्हल करायला मी उशीर केला आणि ती घरापुढच्या ड्राइव्हवेवर घसरली. तेव्हापासून कणीक मी मळतो आणि तिची वेणीही मीच घालतो. वेणी कसली, सुतळीच ती, पण ती चालवून घेते.

शनिवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये उतरलो. कॅनडातच पूर्वी विंडसरला असताना सुरेखाच्या साड्यांसाठी घेतलेली इस्त्री आता या कामाला असते. स्की टेबलावर उलटी ठेवली, तापल्या इस्त्रीला वॅक्सची वडी टेकवली, थेंब पाडत गेलो, मग इस्त्री फिरवली. गार झाल्यावर खरवडलं, ब्रश मारला. मेणाच्या वासात मन अगदी रमून गेलं. कितीतरी दिवसांनी मला कोणी काही विचारत नव्हतं.

"झालं?" वर आल्यावर सुरेखानं विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं.

रविवारी सपाटीवर छान चाललं. मग पहिला चढ आला. मी पाय रोवला की स्की मागे. परत रोवला, परत मागे. अरविंद वर पोचून वाट बघत उभा, आणि मी खाली जागच्या जागी पाय मारतोय. शेवटी तोंडावर पडलो. बसल्या बसल्या स्की काढली आणि मधल्या भागावर अंगठा फिरवला. गुळगुळीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरायचंच वॅक्स. सकाळी चोळलेलं चिकट वॅक्स त्यावर टिकलंच नव्हतं.

"होतं रे असं," अरविंद खाली येऊन म्हणाला.

"तुझं झालंय कधी?"

त्यानं माझ्या पाठीवरचा बर्फ झटकला. स्कीज खांद्यावर टाकून आम्ही चालत गाडीपाशी आलो.

परतताना मी शनिवारची दुपार आठवत होतो. इस्त्री आठवत होती, वास आठवत होता, मधल्या भागाचं काही केल्या आठवेना. भीती म्हणजे काय, ते मला त्या गाडीत कळलं. आणि घर जवळ आल्यावर एकदम सुचलं. सुरेखा! हल्ली ती माझ्या मागे मागेच असते. मी गॅस बंद केला की ती बघून येते, नळ बंद केला की बघून येते. हिनंच मधला भाग कोरडा बघून वॅक्स फासलं असणार. मला इतका राग आला, आणि रागाच्या पोटात इतका आनंद झाला, की बूट न काढताच मी स्की घेऊन स्वयंपाकघरात शिरलो.

"याला हात कोणी लावला?"

ती डाव्या हातानं कोथिंबीर निवडत होती. तिनं स्कीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी," ती म्हणाली. "मधे कोरडं दिसलं. म्हटलं, तुमचं राहिलं असेल. फिरवली इस्त्री."

मग मी तिला काय वाट्टेल ते बोललो. अक्कल काढली. माझ्या मागे पहारा ठेवतेस, म्हटलं. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं." मी लगेच ईशानीला फोन लावला. तुझ्या आईचा प्रताप आहे हा, किल्ली माझ्याकडेच राहील, असं ठणकावून सांगितलं. चहा करताना गुणगुणतही होतो.

संध्याकाळी सुरेखा कंगवा घेऊन आली आणि माझ्यापुढे स्टुलावर बसली. मी केस विंचरायला घेतले. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला होता, बोटं सुजलेली. त्या हातानं तिला साधं बटण लावता येत नाही. ती जड इस्त्री ती कुठली उचलणार? खरवडायला तर दोन्ही हात लागतात. आणि मधला भाग कोरडा ठेवायचा, हे या घरात माझ्याइतकं पाठ कोणाला असेल, तर तिलाच.

सकाळी त्याच हातावरून मी तिला स्वेटरची बाही चढवून दिली होती. दुपारी तिच्यावर ओरडताना तो हात मला आठवलाही नव्हता.

"थांबलात का?" तिनं विचारलं.

"गुंता आहे," मी म्हटलं.

वेणी पुरी केली, रबर लावलं. मग खिशातली गाडीची किल्ली काढून तिच्या डाव्या हातात ठेवली.

"ईशानी आली की तिला दे."

तिनं मागे वळून बघितलं नाही. "अहो, मीच लावलं होतं ते," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "तूच लावलंस."