खंडेनवमीचा राजीनामा

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. हे पक्कं आठवतं, कारण आमच्या कारखान्यात त्याच वर्षी नवी लेथ आली होती आणि तिची ती पहिलीच खंडेनवमी.

मी उद्यमनगरात हंबीररावांच्या कारखान्यात टायपिस्ट होते. पाण्याच्या पंपाचे सुटे भाग तिथे बनत. सगळे पुरुष, बाई मी एकटी. माझे वडील मीरासाब शिंपीकाम करायचे, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुईत दोरा ओवायलासुद्धा ते आता अम्मीला हाक मारत.

आदल्या संध्याकाळी गारगोटीच्या एका हायस्कुलातून पत्र आलं. कारकुनाची जागा, कायमची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं, सध्याच्या मालकांनी मोकळं केल्याचा दाखला आणायचा. न आणल्यास जागा पुढच्या उमेदवाराला. अब्बांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं.

"कायमची म्हंजे रिटायर हुईस्तवर?"

"व्हय अब्बा."

त्यावर ते नुसते हसत बसले, आणि त्या हसण्यानेच माझी झोप उडाली. कारण हंबीरराव दरवर्षी खंडेनवमीची पूजा उरकली की पन्हाळ्याकडच्या आपल्या गावी जात, ते चार-पाच दिवसांनी परतत. दाखला मिळाला तर उद्याच, दुपारच्या आत.

सकाळी कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले आणि तशीच पुढे चालत राहिले. कोपऱ्यावरून परत आले. पुन्हा तेच. हाताला घाम येऊन पिशवीतला राजीनामा दमट झाला असेल असं वाटून तो काढून पाहिला. ठीक होता. शेवटी आत शिरले, म्हटलं निदान दाखला तरी टाईप करून ठेवू. सही घ्यायची तेवढी राहील.

टाईपरायटरला झेंडूचा हार!

"हात लावू नगंस," शिपाई गुंडूमामा ओरडले. "आत्ताच गंध लावलंय. दरसाल तू हार घालतीस, आज तुझी वाट बघून मीच घातला."

एकदा हत्यार पूजेला बसलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. लेथ, हातोडे, कानशी तर झाल्याच. पण कचेरीतलं माझं मशीन, वह्या, मालकांचं पेन, रबरी शिक्का, सगळं गंधफूल लावून मांडलेलं. तो शिरस्ता मोडावा असं माझ्याही मनात आलं नाही. नुसती आतबाहेर करत राहिले. त्या दिवशीची आरती झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. माझ्या हातातला तुकडा तसाच राहिला.

मालक निघायला लागले तशी पुढे होऊन कागद दिला.

"हे काय? रजा पायजे व्हय?"

"न्हाय मालक. राजीनामा हाय."

तेवढ्यात लेथवाला आकाराम म्हणाला, "घ्या! टायपिस्टबाईंचं सीमोल्लंघन एक दिस आधीच!"

"तू गप रं!" मालक त्याच्यावर खेकसले, मग माझ्याकडे वळले. "खंडेनवमीला काम सोडतंय व्हय कुणी? हत्यार पूजंला बसवायचं आन् आपण उठून जायचं? बाईमाणूस कामाला ठेवली म्हणून अख्खं उद्यमनगर हसलं मला. तरी ठेवली की!"

"म्हाईत हाय मालक. पण अब्बांना दिसंना झालंय. ती जागा कायमची हाय."

"मग माझी काय तात्पुरती हाय?"

"तुमची जागा तुम्ही हाय तवर हाय."

तोंडातून निघून गेलं. गुंडूमामांनी कपाळाला हात लावला. मालकांनी राजीनाम्याची घडी करून खिशात घातली.

"खरं हाय," ते शेवटी म्हणाले. आवाज उतरला होता. "जा. दसरा झाल्यावर यिऊन दाखला घिऊन जा."

"परवा सकाळी हजर व्हायचंय मालक. दाखल्यासकट."

"मग मी काय करू? मशीन पूजंत, पेन पूजंत, शिक्का पूजंत. तुझ्यापायी पूजा मोडू?"

ते मोटरसायकलकडे निघाले. मी मागोमाग. फाटकासमोर फक्रुद्दीनचाचांचं चहाचं दुकान होतं. मालकांनी तिथे मोटरसायकल थांबवली.

"फक्रुद्दीन, एक च्या दे. डोस्कं उठलंय."

"च्या न्हाय मालक. किटली पूजंत हाय."

खरंच, किटलीच्या गळ्यात हार होता. आणि चाचांच्या खिशाला पेन.

"चाचा," मी म्हटलं, "पेन पूजंत न्हाय ठेवलं?"

"पेन कशाला? मी काय पेनानं च्या करतो?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं आणि मोटरसायकलवरून उतरले.

"आण ते. कागद बी आण."

चाचांनी साखरेच्या पुड्यांसाठी ठेवलेल्या कागदांतला त्यातल्या त्यात स्वच्छ कागद दिला. मालकांना सही करायची सवय, लिहायची नाही. मी सांगत होते, ते एकेक अक्षर दाबून लिहीत होते. माझाच मोकळं केल्याचा दाखला मीच सांगतेय, आणि अजून त्यांचं मन फिरेल म्हणून घाईघाईने सांगतेय. शेवटी त्यांनी मोठ्याने म्हणत एक ओळ आपल्या मनाची घातली : "मुलगी कामाला चोख, तोंडाने फटकळ."

"मालक, हे नको की!"

"मग दाखला बी नको?"

त्यांची सही होताच मी कागद ओढूनच घेतला.

गारगोटीला हेडमास्तर गणपतरावांनी तो उलटसुलट करून पाहिला. "शिक्का कुठाय?"

"पूजेत होता सर. खंडेनवमी होती."

त्यांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. "बसा कामाला. आठवड्यात शिक्का आणा."

मी आणायच्या आधीच गुंडूमामा एस्.टी.तून उतरले. पंच्याच्या गाठीत शिक्का आणि शाईचं पॅड. मालकांनी गावाहून येताच पाठवलं होतं. दाखल्यावर शिक्का मारला, चहा घेतला आणि परतीच्या गाडीने गेले.

अब्बांचं ऑपरेशन मिरजेला झालं. एका डोळ्याने त्यांना शेवटपर्यंत चांगलं दिसलं. हंबीरराव त्र्याऐंशी साली गेले आणि मुलांनी कारखाना विकला. आकारामने जुनी लेथ विकत घेऊन शिरोलीला आपलं काम सुरू केलं. गुंडूमामा चंदगडकडे आपल्या गावी गेले, पुढे खबर नाही. फक्रुद्दीनचाचांचं दुकान रस्ता रुंद झाला तेव्हा गेलं. त्यांचा नातू आता मोबाईल दुरुस्त करतो म्हणे. गणपतराव सरांना मी निवृत्त होईपर्यंत दर दसऱ्याला घरी जाऊन सोनं दिलं.

मी त्याच शाळेत हेडक्लार्क झाले. इथेच घर बांधलं. अजून कधी पहाटे जाग येते आणि कुठेतरी हजर व्हायचं राहून गेलंय असं वाटून मी चपला शोधायला लागते.