घरचं गिऱ्हाईक

नारायणगावच्या वर्कशॉपात पार्ट मॅनेजरच्या खुर्चीवर स्नेहल बसली, तेव्हा पहिले काही महिने लोक काउंटरवर येऊन तिच्या डोक्यावरून आत बघायचे आणि विचारायचे, "इथं कुणी न्हाई का?" ती म्हणायची, "मी हाय की." मग कुठं क्लच प्लेटचं नाव तोंडातून निघायचं. तिच्या आधीच्या मॅनेजरने सोयऱ्याधायऱ्यांच्या गाड्यांना दुकानातला माल पाहुणचारासारखा वाटला होता आणि मालक पारसशेठनी त्याला घरी बसवलं होतं. स्नेहलने त्यातून धडा घेतला, पण जरा जास्तच घेतला. जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हिने ते उलटं केलं, आणि वर त्याचा तिला अभिमान होता.

आषाढात तिचा धाकटा भाऊ आदेश तळेघरहून आपली जीप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत घेऊन आला. गिअरबॉक्स गेला होता. तळेघर ते घोडेगाव तो माणसं वाहायचा. श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्यांची झुंबड उडाली की त्या एका महिन्यावर त्याच्या घराची वर्षाची घडी बसायची. घोडेगावातही चांगले मिस्त्री होते. पण हा एवढं अंतर गाडी ओढत आला, कारण इथं ताई होती.

"श्रावणाच्या आत मिळंल ना, ताई?"

"मी असताना कशाला घोर करतोस?"

हे ती मनापासून बोलली होती. सामान त्याच दिवशी मागवलंही होतं.

आता या धंद्यात एक रीत असते. घाईच्या गाडीला लागणारा पार्ट दुकानात नसला, तर वर्कशॉपात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा काढून लावायचा आणि नवा आला की उभ्या गाडीला बसवायचा. सगळीकडे चालतं. प्रश्न एवढाच की काढायचं कुणाच्या गाडीचं.

एका दुपारी जनावरांचा एक व्यापारी पिकअप ढकलत घेऊन आला. सेल्फ जळाला होता, गाडी चालूच होईना, आणि दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बाजार. "काय करायचं, ताई?" पारसशेठनी विचारलं. जीपचं नाव कुणीही काढलं नव्हतं. मुख्य मिस्त्री गेणभाऊ तर कोपऱ्यातल्या दुसऱ्याच गाडीकडे निघाले होते. स्नेहलच म्हणाली, "त्या जीपचा काढा. घरचीच आहे, थांबेल."

"असं माणूस पाहिजे," शेठ चारचौघांत म्हणाले. स्नेहलला संध्याकाळपर्यंत ते वाक्य पुरलं.

मग जीपचा रेडिएटर दुसऱ्या एका गाडीला गेला. मग पुढचे दोन टायर एका लग्नाच्या गाडीला गेले, तात्पुरते म्हणून. आणि गिअरबॉक्सचं सामान आलं त्याच दिवशी ओतूरच्या टोमॅटोवाल्याची गाडी भरल्या मालानिशी बंद पडून आली, तिचाही गिअरबॉक्सच गेला होता. या वेळी शेठनी विचारलंसुद्धा नाही. तिनेच खोकं उचलून गेणभाऊंच्या हातात दिलं.

"बाई, भावाचा श्रावण जाईल," गेणभाऊ म्हणाले.

"आणि उद्या लोक म्हणतील, माहेरची भर करते."

"लोकांचं काय घिऊन बसलाय? लोक कवा गप बसल्यात?"

पण स्नेहलला लोकच दिसत होते. भाऊ दिसत नव्हता. तो फोन करायचा तेव्हा आधी आईचं सांगायचा, मग भाताच्या रोपांचं, आणि ठेवता ठेवता हळूच म्हणायचा, "आन् जीपचं?" ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. दुसरं गिऱ्हाईक असतं तर काउंटरवर हात आपटला असता, शेठना शिव्या घातल्या असत्या. आदेशने आपटला नाही, म्हणून त्याची पाळी आली नाही. साधा हिशोब होता आणि तो स्नेहलच करत होती.

श्रावण लागला. घोडेगावच्या रखमाजी आबांनी रिकामी जागा बघून तळेघरच्या लायनीवर आपली गाडी घातली. आदेश एकदा येऊन गेला. जीपचं तोंड उघडं, आत पोकळी, पुढची चाकं नाहीत, खाली विटा.

"ताई, ही माझीच का?"

"आठवड्यात सगळं येतंय रे. मला इथं धा जणांना तोंड द्यावं लागतं. तू तरी समजून घे."

"घेतो की," तो म्हणाला आणि गेला. तो भांडला नाही याचं तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

आणि श्रावण निम्मा सरला तेव्हा रखमाजी आबाच दारात उभे राहिले. त्यांनी काउंटरवर हात आपटला.

"ती जीप आता माजी हाय. आदेशकडनं घेतली. परवा सोमवार, भीमाशंकरला रीघ लागंल. गाडी आज पायजे, न्हाईतर अशीच उचलून मंचरला नेतो."

पारसशेठ बाहेर आले. "स्नेहलताई, आजच्या आज करून द्या. गिऱ्हाईक जाता कामा नये."

ती कामाला लागली. मंचरला फोन केला, चाकणहून एसटीने सामान मागवलं, रेडिएटर एका डॉक्टरच्या उभ्या असलेल्या गाडीचा काढला. गेणभाऊंनी जेवण सोडून गिअरबॉक्स बसवला. दिवस मावळायच्या आत जीप चाकांवर उभी होती. एका दिवसाचं काम होतं. ते आषाढातही एका दिवसाचंच होतं, हे स्नेहलला हाताने खोकी फोडता फोडता कळत होतं, आणि हात थांबत नव्हते.

"आज कमाल केलीत," शेठ म्हणाले. तिला त्या शब्दांची शिसारी आली.

जीप न्यायला ड्रायव्हर आला तो आदेश. आबांनी त्याला पगारावर ठेवला होता, रस्ता त्याच्या पायाखालचा म्हणून. स्नेहल धावत दारापर्यंत गेली.

"इकायच्या आधी मला एक शब्द तरी बोलायचास."

"काय बोलणार, ताई? तुला आडचणीत घालायचं न्हवतं."

तिला रडू आलं, पण वर्कशॉप बघत होतं. "निदान चहा घेऊन जा," ती म्हणाली.

आदेशने आधी आबांकडे पाहिलं. आबा शेजारच्या सीटवर बसत म्हणाले, "चहा तळेघरला पिऊ."

"तळेघरला पितो, ताई," आदेश म्हणाला आणि त्याने जीप चालू केली.