बाळराजाचा खुळखुळा

मी एक जुना खुळखुळा आहे, मित्रांनो, पण पाळण्यावर कधी टांगला गेलो नाही. नारळाएवढं माझं डोकं, हातभर लांब दांडा, आणि अंगावर तांबडे-पिवळे पट्टे होते ते आता खाचाखाचांतच उरले आहेत. एवढा मोठा खुळखुळा कोणत्या तान्ह्याच्या मुठीत मावणार? मला घडवलं ते एका मोठ्या माणसासाठी. तो लोकांसमोर उभा राहिला की बाळ व्हायचा. आता मी थकलोय. तरी एकदा सगळं सांगून टाकतो, कारण माझ्यापायी जे होता होता राहिलं, ते कोणाच्याही घरी होऊ शकतं.

आंबागडला, किल्ल्याच्या पायथ्याशी, चिंधू सुतारानं मला शिवणीच्या लाकडातून कोरलं. शिवण वजनाला हलकी, तासन्‌तास हलवली तरी मनगट भरून येत नाही. दोन वाट्या कोरून त्यानं सरसानं जोडल्या, माथ्यावर करंगळीएवढं भोक ठेवलं आणि ते मेणानं बुजवलं. "पोटात काय भरायचं ते तुमचं तुमी पाहा," असं म्हणून त्यानं मला तुलारामच्या हातात दिलं.

तुलाराम म्हणजे दोन एकर धानाचा धनी. इतका मऊ माणूस, की बैलाला हाकतानासुद्धा आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. दंडार म्हणजे गावानंच बसवलेलं, गावानंच नाचायचं नाटक. यंदाची धरून बत्तीस दिवाळ्यांमागे आंबागडच्या दंडारीत एक नवं सोंग आलं, बाळराजाचं. ते तुलारामनं घेतलं. त्याच दिवाळीत त्याला मुलगा झाला होता, प्रविण. तुलारामनं त्या मंडईच्या सकाळी रानातून एक गुंज आणली, लाल अंगाची, काळ्या डोळ्याची, आणि माझ्या पोटात सोडली. "आपल्या गावच्या दर मंडईले एक," तो म्हणाला. पहिल्या वर्षी मी नुसता टुक-टुक वाजलो. पुढे आवाज भरत गेला. माझं वय कोणाला हवं असेल तर ते माझ्या पोटात होतं.

बाळराजा कसा होता, ते मात्र नीट सांगायला हवं. तो चांगला दाढीमिशांचा माणूस, पण अंगात नऊवारीचं शिवलेलं झबलं, गालावर काजळाची तीट, डोक्यावर बेगडी मुकुट. तो रागीट नव्हता. कोणाचा दावा धरत नसे. खोटंही बोलत नसे. त्याला फक्त कंटाळा यायचा.

"प्रधानजी, गाव जळते तवा कसं दिसते जी?"

"लाल दिसते, महाराज."

"दाखवा."

प्रधान दाखवायचा. लाल पदर घेतलेल्या पोरी नाचत यायच्या आणि गाव जळून जायचं. मग एक बाई केस मोकळे सोडून समोर यायची नि म्हणायची, "महाराज, माझं घर गेलं. माझं लेकरू गेलं." बाळराजा तिच्याकडे मान वाकडी करून पाहायचा. अगदी मनापासून पाहायचा, जसं तान्हं मूल दिव्याकडे पाहतं. आणि विचारायचा, "मग काय झालं?"

तो चिडवत नव्हता, मित्रांनो. त्याला खरोखर पुढचं ऐकायचं असे. बाई रडतच राहिली की तो मला तिच्या तोंडासमोर खुळखुळवायचा, रडतं पोर उगी करतात तसा. तरीही ती हसली नाही की तो हिरमुसायचा, आणि मला प्रधानाच्या अंगावर भिरकावून द्यायचा. एकदा मी चिरलो तेव्हा तो धाय मोकलून रडला होता. गावासाठी नाही. माझ्यासाठी.

लोक आधी हसत. मग हळूहळू हसू थांबत जाई. शेवटी सगळे त्याला सोडून निघून जात, आणि तो एकटा सिंहासनावर बसून मला हलवत राही. कोणी उरलेलं नसे, तरी विचारी, "मग काय झालं?" तिथंच दंडार संपायची. त्या एका प्रश्नाला गेल्या बत्तीस वर्षांत कोणी उत्तर दिलं नव्हतं. तसं नाटकात लिहिलेलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी सोंग साधंच होतं; त्याची ही नजर तुलारामनं पुढच्या सालात कुठून उचलली, ते मला ठाऊक आहे. रांगत्या प्रविणकडून. मुंगळा पकडायचा, पाहायचा, पाय मोडायचा, आणि विसरायचा. तुलारामनं तेवढंच घेतलं. पुढे प्रविणला कोणीतरी "असं नाई करत बापा" म्हणालं, तो शिकला, मोठा झाला, नागपूरला कारखान्यात लागला. बाळराजाला मात्र कोणी काही म्हणालं नाही.

माझं कौतुकही खूप झालं. पोरं मला हात लावायला धडपडायची. एका मंडईत तर एका म्हाताऱ्यानं माझ्यावर फूल वाहिलं. उरलेलं वर्ष मी खुंटीवर धूळ खायचो. एका वर्षी तर मंडईच्या दिवशीही खुंटीवरच राहिलो. तुलाराम खाटेवर बसून होता, माझ्याकडे वर पाहून त्यानं मान फिरवली. पण ते पुढे येईलच.

प्रविणची बायको अंजू. तुमसरला कॉलेजात बीएस्सी झालेली, डोळ्यांत तेल घालून लेकराकडे पाहणारी. तिची मुलगी रीना साडेतीन वर्षांची. रीना आबाजींच्या, म्हणजे तुलारामच्या, मांडीवर बसून तालमी पाहायची. यंदा तालमी सुरू झाल्या आणि दोन आठवड्यांत एक गोष्ट घडली. रीनानं कोंबडीचं पिल्लू उचललं आणि बादलीत बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. अंजू धावत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, पोचली तेव्हा पिल्लू मान टाकून पडलेलं होतं आणि रीना त्याच्यापुढे उकिडवी बसली होती.

"अगं, मेलं ना ते!"

रीनानं मान वाकडी केली. "मग काय झालं?"

अंजू त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी ती सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, तुमचं ते सोंग हिच्या अंगात आलं."

तुलाराम हसला. "अवं, लेकरू हाये थे. लेकरू असंच रायते. सोंग कायले अंगात येते? मी बत्तीस साल केलं, मी कोणाचं गाव जाळलं?"

"तुमाले समजते ना मामाजी, हे सोंग हाये म्हणून. हिले कोण सांगन?"

तुलाराम झबलं उचलून तालमीला निघून गेला.

यंदाच्या मंडईत त्यानं नेहमीप्रमाणे मला प्रधानावर फेकलं, आणि नेम चुकला. मी ओट्याच्या दगडावर आपटलो. माझा सरस बत्तीस वर्षांचा, तो सुटला. एक बारीक भेग पडली. तुलारामनं पाहिली. "उद्या लावतो सरस," म्हणाला. त्याचे गुडघे सुजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उन्हात खाटेवर आडवा झाला आणि रीना किरकिर करू लागली, म्हणून त्यानं हात लांब करून मला तिच्यापुढे टाकलं. "घे, खेळ. आबाजीले पडू दे जराक."

मंचावरची वस्तू होती मी. पोटात काय आहे हे कधी कोणाला विचारावं लागलं नव्हतं, कारण मी कधी लेकराच्या हातात गेलोच नव्हतो. रीनानं मला आपटलं. बाळराजा आपटतो तसंच. भेग रुंदावली आणि गुंजा एकेक करून बाहेर आल्या. किती सुंदर दिसतात त्या, लाल-काळ्या! आणि त्या चावून खाल्ल्या तर मोठा माणूसही वाचणं कठीण.

मला हे माहीत होतं. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण बाळराजानं तरी कोणाचं चिंतलं होतं?

अंजू मागे कपडे वाळत घालत होती. तिनं माझा आवाज ऐकला असता तर कदाचित लक्षही दिलं नसतं. तिनं आवाज थांबलेला ऐकला. ओले हात घेऊन ती अंगणात आली. रीनानं बाहुलीपुढे झाकणीत गुंजांचा भात वाढला होता.

अंजूनं आधी लेकीचं तोंड उघडून बोट फिरवलं. काही नव्हतं. "रीना, तू खाल्ला का यातला?"

"हो."

"किती?"

"बाहुलीनं खाल्ला."

"तू खाल्ला का बाहुलीनं?"

"हो."

"चावला का, का गिळला?"

"हो."

तुलाराम खाटेवरून उठला तो तसाच जमिनीवर बसला, गुंजा वेचू लागला. "मोज, अंजू. मोजून टाक. दर मंडईले एक टाकली मी. प्रविण झाला त्या सालापासून. बत्तीस भरल्या पायजे."

अंजूनं मोजल्या. एकतीस. पुन्हा मोजल्या. झाकणीत, खाटेखाली, बाहुलीच्या फ्रॉकमध्ये, माझ्या पोटात बोट घालून शोधलं. एकतीस.

शेजारच्या कैलाशनं गाडी काढली. अंजूनं गुंजा पदरात बांधल्या, मला पिशवीत कोंबलं, डॉक्टरला दाखवायला, आणि रीनाला छातीशी धरून मागे बसली. तुलाराम पुढे. रीना तेवढी मजेत होती, हात बाहेर काढून वारा पकडत होती.

तुमसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुंज हातात घेऊन पाहिली. "अख्खी गिळली असेल तर बहुतेक तशीच निघून जाईल. चावली असेल तर लक्षणं दिसायला वेळ लागतो. उद्या संध्याकाळपर्यंत इथं ठेवावं लागेल." अंजूनं मान हलवली. ती रडली नाही. बाकावर बसून रीनाचे ओठ पाहत राहिली, पोटावर हात ठेवून राहिली. अर्ध्या अर्ध्या तासानं तिला विचारत राहिली, "काही दुखते का बाळा?" रीना दर वेळी "हो" म्हणायची आणि दर वेळी अंजूचा चेहरा पांढरा पडायचा.

प्रविणचा फोन आला. "निघालो मी," म्हणाला.

मी पिशवीतून ऐकत होतो. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला आवाज देणाऱ्या गुंजा अंजूच्या पदरात होत्या, आणि भरलेल्या पोटानंही मी कधी खुळ-खुळ याशिवाय काही बोललो नव्हतो.

दुपार कलली. तुलाराम भिंतीला टेकून उभा होता, खाली बसला तर उठता येणार नाही म्हणून. समोर भिंतीवर एक जुना, कोपरे उडालेला कागद चिकटला होता. तोंडाला पट्टी बांधलेल्या माणसाचं चित्र, आणि खाली दोन हात अंतर ठेवा असं काहीतरी. तुलाराम बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होता. मग बोटांवर सालं मोजू लागला. परत मोजली.

"अंजू."

"काय मामाजी?"

"कोरोनाच्या साली मंडई भरलीच नाई."

अंजूनं वर पाहिलं.

"मी खाटेवर बसून होतो, तोंडाले गमछा बांधून. याले खुंटीवरून काढलाच नाई. गुंज टाकलीच नाई त्या साली. बत्तीस साल झाले, पण मंडया एकतीस. एकतीसच हायेत, बाई. एकतीसच होत्या."

"नक्की, मामाजी?"

"तुया लेकीची आन."

तेव्हा अंजू रडली. आवाज न करता, तोंडात पदर कोंबून, खांदे हलेपर्यंत. रीना बाकावरून खाली उतरली. तिनं आईकडे मान वाकडी करून पाहिलं आणि अगदी त्याच सुरात विचारलं, "मग काय झालं?"

तुलाराम दचकला. तो त्याचा स्वर होता, त्याचाच ठेका होता. बत्तीस वर्षं त्यानं हा प्रश्न विचारला होता आणि आज पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानावर पडत होता. गुडघे मोडून तो नातीपुढे बसला. उठता येईल की नाही याचा विचारही केला नाही.

"तुया मम्मीले भेव वाटलं, बाई. लय भेव. भेवानं तिचं पोट दुखून राहिलं. तू पिल्लाले पाण्यात बुडवलं ना, त्यालेबी असंच भेव वाटलं होतं. त्याले सांगता नाई आलं."

रीना विचारात पडली. मग तिनं आपला छोटा हात आईच्या पोटावर ठेवला. "इथं?"

"हो," अंजू म्हणाली. "तिथंच."

डॉक्टरीणबाईंनी तरीही दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवून घेतलं, बरंच केलं. रीनाला काहीच झालं नाही. घरी आल्यावर अंजूनं गुंजा चुलीत घातल्या. तुलारामनं सरस लावून मला रिकामंच जोडलं.

आठ दिवसांनी सिहोऱ्याची मंडई होती. "नाई जात मी," तुलाराम म्हणाला.

"जा तुमी," अंजू म्हणाली. "मी घेऊन येतो रीनाले. घरी नक्कल करण्यापेक्षा माझ्या मांडीवर बसून पाहू दे."

सिहोऱ्याच्या चौकात भर उन्हात बाळराजानं मला हलवलं. मी वाजलो नाही. लोक कुजबुजले. केस मोकळे सोडून ती बाई आली, म्हणाली, "महाराज, माझं लेकरू गेलं." बाळराजानं मान वाकडी केली. "मग काय झालं?"

पहिल्या रांगेतून, आईच्या मांडीवरून, मोठ्यानं उत्तर आलं, "तिले दुखलं."

सगळा चौक हसला. तुलाराम तसाच उभा राहिला, मी त्याच्या हातात. मला वाटलं तो आता पुढचं वाक्य घेईल आणि मला फेकेल. पण बाळराजा ओट्याच्या कडेला आला, खाली वाकला, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं 'मग काय झालं?'च्या पुढचा प्रश्न विचारला.

"कुठं?"

रीनानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला. चौकातलं हसू थांबलं. बाळराजानं मला हळूच खाली ठेवलं.

आता मी खुंटीवर आहे, पोट रिकामं, अंग हलकं. पुढच्या मंडईला उतरेन की नाही, कोण जाणे. मित्रांनो, एवढंच मागतो. लेकराच्या हातात काही देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा हलवून, उघडून पाहा. आणि लेकरानं "मग काय झालं?" असं विचारलं, तर थकला असाल तरी, गुडघे दुखत असले तरी, खाली बसून त्याला सांगा. आमच्या राजाला ते सांगायला कोणी बसलं नव्हतं.