पायऱ्यांची अक्षरं

मामाच्या बोर्डाच्या दुकानात लोक मोबाइलवरून काय वाट्टेल ते पाठवत. फाटकी चित्रं, दातेरी कडांची अक्षरं. मामा ती निगुतीनं गुळगुळीत करी. पंचवीस वर्षांत ओबडधोबड अक्षर त्यानं दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे भाचीनं जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानासाठी पाटीची फाइल पाठवली, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. अक्षरं चांगली जाडजूड, ठसठशीत, पण कडांना नुसत्या पायऱ्या! घाईत पाठवली असेल पोरीनं, म्हणत त्यानं सकाळभर बसून एकेक पायरी घालवली, अक्षरं कापली, पाटीवर चिकटवली.

भाची आली आणि पाटीवरच्या अक्षरांच्या कडांवरून बोट फिरवू लागली.

"मामा, पायऱ्या कुठे गेल्या?"

"काढल्या की! तेही फुकट."

"अरे, त्या पायऱ्या म्हणजेच माझा फाँट! आठ महिने खपलेय. पहिलं गिऱ्हाईक मिळालंय, ते आत्ता येईल पाटी बघायला."

मामा ओशाळला. तरी जीभ गप्प बसेना. "मुद्दाम दातेरी? ते कशाला गं?"

तिनं चौकटींची वही उघडली. एक घर भरायचं किंवा सोडायचं, अर्धं भरायचं नाही. जुन्या गेमच्या पडद्यावर अक्षरं अशीच दिसत. पाटीवर, पोस्टरवर, टी-शर्टवर ती लांबून डोळ्यांत भरतात. बारीक मजकुराला मात्र वापरायची सोय नाही.

मामानं पेन्सिल घेतली आणि 'ळ' काढायला बसला. एक घर जास्त भरलं की अक्षराचं पोट सुटे, एक खोडलं की ते उपाशी दिसे. सहा 'ळ' बिघडल्यावर त्यानं तिचा 'ळ' पाहिला. दोन्ही गोल चौकोनांचेच, आणि तरी गोल!

"हे तुला जमलं कसं?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. पाटी पाहून खूश झालं. "वा, काय सफाई आहे! हीच लावू. मग तो फाँट घ्यायलाच नको."

भाचीनं मान खाली घातली. मामा मात्र क्षणभर सुखावला, खोटं कशाला बोला. आजवर लोकांनी त्याला 'झालं का?' एवढंच विचारलं होतं. हाताचं कौतुक कुणी केलं नव्हतं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं पटाशी घेतली आणि पाटीवरचं पहिलं अक्षर उचकटलं.

"अहो, अहो! चांगली होती की!"

"चांगली होती," दुसऱ्या अक्षराखाली पटाशी घालत मामा म्हणाला, "पण हिची नव्हती. बसा, तासाभरात हिची अक्षरं कापतो. ती बघा आणि मग काय ते बोला."