हिरव्या शर्टाची रेंज

मोबाइल कनेक्शनची निळी कंपनी दुकान सोडून गेली, पण फार लांब गेली नाही. रस्त्यापलीकडे वॉशिंग मशीन विकणारं मोठं दुकान होतं, तिथे जाऊन बसली. आणि त्या दुकानात इतकी वर्षं बसलेली हिरवी कंपनी उठून इकडे आली. दोघींनी घरं बदलली, एवढंच. घरातल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, पण तशी पद्धतही नाही.

घरातलं माणूस म्हणजे सिग्नलराव. मोबाइलच्या दुकानात कनेक्शन विकण्याच्या काउंटरवर त्यांची हयात गेली होती. हे नाव मालकांनी ठेवलेलं. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं, तेही उशिरा.

सोमवारी त्यांनी निळा शर्ट काढून ठेवला आणि हिरवा घातला. हिरवा त्यांना पोटावर घट्ट होत होता. आरशात बघून बायको म्हणाली, "अहो, आजारी दिसताय."

"कंपनीचा रंग आहे तो."

"मग कंपनीची तब्येत बघा कोणीतरी."

शर्ट बदलणं सोपं होतं. अवघड होतं ते तोंड बदलणं. गेली कित्येक वर्षं सिग्नलराव गिऱ्हाइकांना एकच गोष्ट पटवत आले होते, ती म्हणजे हिरवं कनेक्शन चुकूनही घेऊ नका. "हिरव्याची रेंज दारापर्यंत येते," ते सांगायचे, "आणि चपला काढायला नको म्हणून तिथूनच परत जाते." गिऱ्हाईक हसायचं आणि निळ्यावर सही करायचं. आता तीच गिऱ्हाइकं समोर आली की त्यांच्या गळ्यात हात घालून हिरवं द्यायचं होतं. पहिल्याच दिवशी पेन्शनर काका म्हणाले, "अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, चपलांचं?"

"सुधारली हो ती आता," सिग्नलराव म्हणाले. "चपला काढायला लागली."

हे सगळं खपून गेलं असतं. पण हिरव्या कंपनीची एक खोड होती. ती दुकानात गुप्त गिऱ्हाईक पाठवायची. साधं माणूस साध्या कपड्यांत यायचं, ठरलेला एकच प्रश्न विचारायचं, "मला घरी वापरायला कोणतं कनेक्शन चांगलं?" आणि उत्तर ऐकून कंपनीला कळवायचं. मालकांनी सिग्नलरावांना आत बोलावून सांगितलं, "रिपोर्ट वाईट आला तर काउंटर बंद. त्या जागी ते लोक एक खांब लावणार आहेत, स्क्रीनवाला. लोकांनी स्वतःच बोट लावायचं आणि स्वतःच घ्यायचं."

"आणि मी?"

मालकांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वॉशिंग मशीनचं दुकान होतं आणि तिथे सगळी तरुण मुलं होती. सिग्नलरावांच्या वयाच्या माणसाला नवा शर्ट देणारं दुकान त्या रस्त्यावर एकही नव्हतं. मालकांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

त्या दिवसापासून सिग्नलराव प्रत्येकाकडे संशयाने बघू लागले. छत्री घेऊन एक गृहस्थ आले. ऊन रखरखीत असताना छत्री कशाला? हाच तो, असं ठरवून सिग्नलरावांनी हिरव्याचे गुण गायला सुरुवात केली. फोन कपाटात ठेवा, कपाटाला कुलूप लावा, कुलपाची किल्ली हरवा, तरी रेंज येणार. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला चार्जरची वायर हवी होती." आणि वायर न घेताच निघून गेले.

आठवड्याच्या शेवटी, दुकान बंद व्हायच्या सुमाराला, सिग्नलरावांचे पाय भरून आले होते आणि तोंड दुखत होतं. तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

सासूबाई शाळेतल्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्या लेकीजावयाकडे राहायला आल्या, पण गावाला अजूनही त्या 'बाई'च होत्या. कोणालाही कधी एक मार्क वाढवून दिला नाही, अशी त्यांची ख्याती होती. स्वतःच्या लेकीला त्यांनी भूगोलात नापास केलं होतं आणि लेक ते अजून जेवताना काढायची.

"जावईबापू," पर्स काउंटरवर ठेवत बाई म्हणाल्या, "मला घरी वापरायला कोणतं कनेक्शन चांगलं?"

सिग्नलरावांनी आजूबाजूला बघितलं. दुकानात चिटपाखरू नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदाच समोर घरचं माणूस होतं. त्यांनी स्टूल ओढून बसायला दिलं, स्वतः काउंटरवर कोपर टेकवलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आई, तुम्हाला म्हणून खरं सांगतो. हिरव्याच्या नादी लागू नका. आपल्या घरात त्याची रेंज औषधालासुद्धा येत नाही. तुमचं निळंच राहू द्या."

"असं," बाई म्हणाल्या. पर्स उचलली आणि गेल्या.

रात्रीचं जेवण वाढताना बायकोने विचारलं, "आई, संध्याकाळी कुठे गेली होतीस?"

"ड्युटीवर," बाई म्हणाल्या. "हिरव्या कंपनीचं गुप्त गिऱ्हाईक झालेय मी. फिरायच्या ग्रुपमधली ती बँकवाली नाही का, तिने लावून दिलं. घरी बसून गंज चढतो."

सिग्नलरावांचा घास तोंडाशी थांबला.

"आणि तुझं दुकान कोणतं होतं?" बायकोने विचारलं, पण उत्तर तिला नवऱ्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"जवळचं देतात. कंपनीने विचारलं, दुकानात ओळखीचं कोणी आहे का? मी म्हटलं, अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय, अनोळखी माणूस आणू कुठून?"

"आई! अगं तुझे जावई आहेत ते! काउंटर जाईल त्यांचं!"

"मी काय केलं? मी फक्त प्रश्न विचारला. उत्तर त्यांनी दिलं." बाईंनी भात कालवला. "उद्या संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायचंय, आणि तेही त्यांनी दिलेल्या हिरव्या फोनवरून, घरी बसूनच. नाही कळवलं तर समाधानकारक धरतात. ही पद्धत मला मुळीच पसंत नाही. गैरहजर मुलाला पास करण्यातला प्रकार."

"कळवूच नकोस मग!"

"जे घडलं ते कळवणार. वाढ आमटी."

सिग्नलरावांनीच आमटीचं भांडं बाईंकडे सरकवलं. बोलून बोलून ते आठवड्याभरात संपले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बाई हिरवा फोन हातात घेऊन घरभर फिरत होत्या. स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिजवर धरून बघितला. न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. पलंगाखाली वाकून बघितलं, जणू रेंज तिथे लपून बसली होती. बायको सोफ्यावर बसून पदराने तोंड झाकून हसत होती, मधूनच रडत होती.

शेवटी बाई जावयासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमचा धंदा आहे हा. या घरात हिरव्याची रेंज कुठे येते?"

बायकोने मान जोरजोरात हलवली. कुठेच नाही म्हणा, एवढं तिला सांगायचं होतं. एक शब्द खोटं बोललं की काउंटर राहणार होतं, आणि खोटं बोलण्याचाच तर पगार मिळत होता. पण सिग्नलरावांनी बूट काढले होते, मोजेही काढले होते. या अवस्थेत त्यांच्याने ते काम होत नसे.

"गॅलरीत," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात, टांगलेल्या कुंडीखाली. स्टुलावर चढून फोन वर धरलात तर येते."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग गॅलरीच्या दाराशी जाऊन स्टुलाकडे बघितलं.

"स्टुलावर चढायचं वय आहे का माझं?" त्या म्हणाल्या आणि खोलीत जाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी सिग्नलरावांच्या पाठीवर थाप मारली. समाधानकारक! काउंटर शाबूत होतं. "फक्त एक आहे," मालक म्हणाले. "हिरव्या कंपनीची कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानाशी बोलणी चालली आहेत. पुढच्या वर्षी बहुतेक लाल येईल आपल्याकडे."

"लाल शर्ट कोणत्या मापाचा असतो?" सिग्नलरावांनी विचारलं.

"मागे लाल होती तेव्हा घट्टच होता."

घरी पोचले तेव्हा गॅलरीचं दार उघडं होतं. डाव्या कोपऱ्यात बाई स्टुलावर उभ्या राहून टांगलेल्या कुंडीला पाणी घालत होत्या. सिग्नलराव दारातच थबकले.

"बघत काय राहिलात? धरा स्टूल."

त्यांनी स्टूल धरलं. तेवढ्यात बाईंच्या कमरेला खोचलेला हिरवा फोन खणखणीत वाजला. बाईंनी एका हाताने तो काढून कानाला लावला. समाधानकारक तर धरलंय, पण रिपोर्ट का आला नाही, पलीकडून एक मुलगी विचारत होती. दुकानाचं नाव, काउंटरवरच्या माणसाचं वागणं, तिचा शब्द न् शब्द खाली सिग्नलरावांना ऐकू येत होता.

"हॅलो?" बाई वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या. "हॅलो? काही ऐकू येत नाही हो. इथे रेंजच नाही."

फोन बंद करून त्यांनी परत कमरेला खोचला आणि झारी उचलली.

"काठावर पास," त्या कुंडीला म्हणाल्या. "आणि स्टूल हलतंय."