चर्चचा रकाना

शैलजाकाकूंनी अमेरिकेतल्या काउंटी ऑफिसातून परत आलेला लग्नाच्या नोंदणीचा कागद डायनिंग टेबलावर हाताने सरळ केला आणि चष्मा पुसला. 'चर्च किंवा धर्मसंस्था' या रकान्यात त्यांनी महिन्यापूर्वी एक आडवी रेघ मारली होती. त्या रेघेभोवती आता लाल वर्तुळ होतं.

समोर सिद्धेश आणि आश्लेषा बसले होते. काकूंनीच त्यांचं लग्न लावलं होतं, पण सरकारच्या लेखी ते झालंच नव्हतं. एखाद्या मान्य संस्थेच्या धर्मगुरूने दोघांना तोंडी संमती विचारून, शुक्रवारच्या आत ते पुन्हा लावायला हवं होतं. आश्लेषाचा स्टुडंट व्हिसा संपत आला होता. सर्टिफिकेट नसेल तर सिद्धेशच्या व्हिसावर तिला इथे राहता येणार नव्हतं.

काकूंचा मुलगा रवी फोनवर, घरबसल्या कुणालाही धर्मगुरू करणाऱ्या कुठल्याशा ऑनलाइन चर्चचा फॉर्म काकूंच्या नावाने भरत होता. पाच मिनिटांत त्याने मान वर केली.

"आई, यू आर अ रेव्हरंड नाउ. पाया पडू का?"

"पड. तेवढंच राहिलंय."

काकू दमल्या होत्या. पुण्यात त्या दोन वर्षं पौरोहित्य शिकल्या, तेव्हा जुने गुरुजी म्हणत, बाईला हा अधिकार दिला कुणी? इथे तीस वर्षांत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं ते असं.

सिद्धेशने घड्याळ पाहिलं. "काकू, नुसती साइन केलीत तरी चालेल. कोण बघतंय?"

"खोटं नाही लिहिणार मी. उभे राहा."

दोघं फ्रिजपाशी उभे राहिले. सिद्धेशने प्रश्न संपायच्या आधीच "येस" म्हटलं. काकू आश्लेषाकडे वळल्या आणि थबकल्या. इतक्या लग्नांत हे त्यांनी एकाही मुलीला विचारलं नव्हतं. होकार घरच्यांनी आधीच दिलेला असायचा. साताऱ्याला त्यांचं स्वतःचं लग्न लागलं, तेव्हा त्या अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाकडे बघत उभ्या होत्या. कुणी काही विचारेल असं मनातही आलं नव्हतं.

"आश्लेषा, हा तुला नवरा म्हणून हवा आहे का?"

आश्लेषाने सिद्धेशकडे पाहिलं, मग कागदाकडे. डिशवॉशरमधलं पाणी खळखळून बंद झालं.

सिद्धेश हसला. "बोल ना, यार. फॉर्मॅलिटी आहे."

ती कागदाकडेच बघत राहिली.

काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "आज मंगळवारच आहे."